तीन पेडल आणि दोन हात : मॅन्युअल गिअरची गाडी दिव्यांग चालकासाठी कशी बदलतात

मॅन्युअल गिअरच्या गाडीत चालकाला मुख्यतः पाच कामे करावी लागतात. स्टिअरिंग फिरवणे आणि गिअर बदलणे ही हातांची कामे, तर क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबणे ही पायांची. इंडिकेटर, दिवे, वायपर आणि हॉर्न ही किरकोळ कामे त्याखेरीज असतातच. एखादा हात किंवा पाय काम करत नसेल, तर त्याचे काम दुसऱ्या अवयवाकडे सोपवायचे, एवढाच गाडीतल्या बदलाचा अर्थ आहे असे वरवर पाहता वाटते. खरी अडचण मात्र कामांच्या संख्येत नसते, ती एकाच क्षणी अंगावर येणाऱ्या कामांत असते, आणि कोणता बदल कोणाला उपयोगी पडेल हे त्यावरूनच ठरते.

चौकात वळणारी एक गाडी डोळ्यांसमोर आणू. स्टिअरिंग उजव्या बाजूला आहे आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे. चालक इंडिकेटर देतो, अॅक्सिलरेटरवरचा उजवा पाय ब्रेकवर नेतो, वेग कमी होताच डावा पाय क्लच दाबतो, डावा हात गिअर दुसऱ्यात टाकतो, आणि त्याच वेळी उजवा हात एकट्याने स्टिअरिंग वळवू लागतो. मग क्लच हळू सोडत उजवा पाय पुन्हा अॅक्सिलरेटरवर येतो. हे सगळे चार-पाच सेकंदांत उरकते आणि त्यातल्या निदान एका क्षणी चारही हातपाय एकदम गुंतलेले असतात. सराव झालेल्या चालकाला याची जाणीवही उरत नाही. गाडीत बदल करणाऱ्या माणसाला मात्र हा क्षण सुटा करून पाहावा लागतो, कारण यातला एक अवयव वजा केला की काय अडेल, याचे उत्तर त्यातच मिळते.

क्लच का अडतो

पाच कामांपैकी सर्वांत आडमुठे काम क्लचचे. इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहिले पाहिजे, गाडी उभी असतानाही ते साधारण मिनिटाला ७०० ते ९०० फेऱ्या घेते, आणि त्याच्या बरेच खाली गेले की ते बंद पडते. चाके मात्र सिग्नलला पूर्ण थांबलेली असतात. या दोघांना जोडणारा आणि तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाबरोबर फिरणारे जड चक्र, म्हणजे फ्लायव्हील, आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये गिअरबॉक्सला जोडलेली क्लच प्लेट असते, आणि एक स्प्रिंग तिला काही हजार न्यूटन जोराने दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगचा दाब उठतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडताना दाब परत येऊ लागतो, प्लेट आधी घसरत आणि मग घट्ट पकडते.

या घसरण्यातच सगळी मेख आहे. ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो, तो पेडलच्या प्रवासातला एक छोटासा पट्टा असतो. तिथे पाय घाईने सुटला तर गाडी गचका खाऊन बंद पडते, आणि फार रेंगाळला तर प्लेट तापून झिजते. म्हणजे क्लचला नुसता जोर पुरत नाही, जोर सोडण्यातला बारकावाही लागतो. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर यांनाही बारकावा लागतो, पण क्लचला तो दुसऱ्या पेडलशी मेळ घालत लागतो.

आता जोराचा हिशेब पाहू, कारण घरगुती जुगाड बहुधा इथेच फसतात. समजा क्लचचे पेडल १४ सेंटिमीटर खाली जाते आणि त्याला सरासरी ८ किलोचा जोर लागतो. तेच काम मोटारसायकलसारख्या हाताच्या लिव्हरने करायचे ठरवले आणि बोटांच्या पकडीत तो लिव्हर ५ सेंटिमीटरच सरकू शकत असेल, तर कामाची एकूण मात्रा तीच राहत असल्यामुळे बोटांना २२ किलोहून अधिक जोर लावावा लागेल. केबल कशीही वळवली, तरफ कुठेही बसवली, तरी हा हिशेब बदलत नाही, घर्षणामुळे तो वाढतोच. शहरातल्या गर्दीत हाताने असा क्लच दाबत राहणे धडधाकट माणसालाही पेलणार नाही. त्यामुळे गिअरच्या दांड्यावर लिव्हर लावून केबलने क्लच ओढण्याची जी स्वस्त तऱ्हा काही ठिकाणी दिसते, ती हलक्या क्लचच्या लहान गाडीपुरतीच आणि मजबूत पकडीच्या चालकापुरतीच चालते. एरवी जोर दुसऱ्या कोणाकडून तरी उसना घ्यावा लागतो.

उसना जोर

पेट्रोल इंजिनात हा जोर जवळपास फुकट मिळतो. थ्रॉटल, म्हणजे हवेची वाट उघडणारी झडप, मिटलेला असताना इंजिन हवा ओढण्याचा प्रयत्न करत राहते, त्यामुळे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी दाब, म्हणजे आंशिक निर्वात, तयार होतो. हा फरक वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६० टक्के धरला, तर १५ सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर बाहेरची हवा शंभर किलोच्या आसपास जोर टाकते. हा पडदा एका दांडीने क्लचला जोडला आणि मध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवला, की गिअरच्या मुठीवरचे एक बटण क्लच दाबू शकते. यात एक सोयीचा योगायोगही आहे. गिअर बदलताना अॅक्सिलरेटर सोडावाच लागतो, आणि तो सोडला की निर्वात जास्तीत जास्त असतो, म्हणजे गरज आणि पुरवठा एकाच वेळी येतात. डिझेल इंजिनात ही सोय नसते. त्यात हवा अडवणारा तसा थ्रॉटल नसल्यामुळे ब्रेकच्या बूस्टरसाठी, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागासाठी, वेगळा निर्वात पंप दिलेला असतो.

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. क्लचसाठी लागणारा निर्वात ब्रेक बूस्टरच्या नळीतून थेट काढणे ही फिटरला सोपी वाटणारी आणि चालकाला महागात पडणारी वाट आहे. क्लचने निर्वात वापरला की ब्रेकचा साठा कमी होतो, आणि बूस्टरची मदत गेली की त्याच ब्रेकला कितीतरी पट जोर लागतो. म्हणून क्लचसाठी स्वतंत्र साठवण टाकी हवी, तिच्या तोंडाशी एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह हवा, आणि क्लचची नळी फाटली तरी ब्रेकवर परिणाम होत नाही हे इंजिन चालू ठेवून, नळी मुद्दाम काढून पाहायला हवे. हे करून दाखवायला जो फिटर टाळाटाळ करतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

अलीकडच्या यंत्रणांत निर्वाताऐवजी विजेची मोटर क्लच ओढते किंवा त्याच्या हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, नळीत दाब निर्माण करते, आणि क्लच किती वेगाने सोडायचा हे एक छोटे नियंत्रक यंत्र ठरवते. इंजिनाच्या फेऱ्या, गाडीचा वेग, अॅक्सिलरेटर किती दाबला आहे आणि गिअरचा दांडा हलतो आहे का, एवढी माहिती त्याला मिळते. त्यावरून ते क्लच हाफ क्लचच्या पट्ट्यापर्यंत झटकन आणते, तिथे रेंगाळते, आणि मग पूर्ण सोडते. वेग फार कमी झाला तर चालकाने काही न करता क्लच तोडते, त्यामुळे गाडी बंद पडत नाही. म्हणजे पायाकडचा जोर आणि बारकावा दोन्ही यंत्राकडे जातात, आणि चालकाकडे फक्त कोणता गिअर हवा हा निर्णय उरतो.

ही कल्पना नवी नाही, आणि ती केवळ दिव्यांगांसाठी जन्मली असेही नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९५५ साली आणलेल्या डीएस या गाडीत क्लच आणि गिअर हायड्रॉलिक दाबाने हलत. फोक्सवॅगनने १९६८ च्या बीटलमध्ये अशी सोय दिली की गिअरच्या दांड्याला हात लागताच एक स्विच चालू होई आणि निर्वाताच्या जोरावर क्लच इंजिनाला चाकांपासून तोडे. अर्थात, सवयीने दांड्यावर हात ठेवून चालवणाऱ्यांचा क्लच नको तेव्हाही हा दुवा तोडत असे. आजही स्विच कुठे बसवायचा हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पूर्व जर्मनीच्या त्राबांट गाडीत हायकोमॅट नावाचा स्वयंचलित क्लच मिळे, आणि डाव्या पायाने क्लच दाबता न येणाऱ्यांना त्याचा उपयोग होत असे. १९९० च्या दशकात साब कंपनीने सेन्सॉनिक आणले, आणि २०२० पासून ह्युंदाई व किया यांनी आयएमटी या नावाने पेडल नसलेला क्लच बाजारात आणला. ज्याचा फक्त डावा पाय काम करत नाही, त्याला अशी कारखान्यातूनच आलेली गाडी मिळाली, तर पुढचा बराच खटाटोप वाचतो.

कोणाला काय लागते

फक्त डावा पाय नसेल किंवा अशक्त असेल, तर प्रश्न एकट्या क्लचचा असतो आणि तो वर सांगितल्याप्रमाणे सुटतो. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेले काही चालक मूळचा क्लचही चालवतात, कारण जोर गुडघ्यातून आणि मांडीतून येतो. मात्र तळव्याला स्पर्श कळत नसल्यामुळे हाफ क्लच पायाने ओळखता येत नाही, तो इंजिनाच्या आवाजावरून ओळखायला शिकावा लागतो.

उजवा पाय नसेल तर प्रकरण दुप्पट होते. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर डाव्या पायाकडे द्यायचे, तर क्लचला पाय उरत नाही. म्हणून आधी क्लच यंत्राकडे सोपवायचा आणि मगच ब्रेकच्या डावीकडे दुसरा अॅक्सिलरेटर बसवायचा. हे पेडल दुमडता येणारे असावे, आणि डावे खाली आले की मूळचे उजवे वर उचलले गेले पाहिजे. दोन्ही एकाच वेळी जिवंत राहिली, तर घाबरलेल्या क्षणी पाय ब्रेक समजून चुकीच्या पेडलवर पडण्याची शक्यता वाढते. सवय मोडायला वेळ लागतो, आणि आधी अनेक वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला तो नवशिक्यापेक्षा जास्त लागू शकतो.

दोन्ही पाय काम करत नसतील, तर तिन्ही पेडले हातांकडे येतात आणि सुरुवातीला पाहिलेला चौकातला क्षण पुन्हा समोर उभा राहतो. ऑटोमॅटिक गाडीत एक हात स्टिअरिंगवरच्या मुठीवर आणि दुसरा ब्रेक-अॅक्सिलरेटरच्या एकत्र लिव्हरवर, असा दोन हातांचा नेमका मेळ बसतो. हा लिव्हर पुढे ढकलला की ब्रेक लागतो, आणि मागे ओढून किंवा फिरवून वेग वाढवता येतो. ब्रेकसाठी पुढची दिशा का, याला कारण आहे. गाडी अचानक मंदावली की अंग पुढे झुकते. त्या झोकात लिव्हर ढकलला गेला तर ब्रेकच वाढावा, वेग वाढू नये. मॅन्युअल गाडीत मात्र गिअर हे तिसरे काम शिल्लक राहते. लिव्हरवरचा हात काढला तर ब्रेक सुटतो, स्टिअरिंगवरचा काढला तर दिशा सुटते.

यावर त्यातल्या त्यात चांगला उपाय म्हणजे अॅक्सिलरेटर स्टिअरिंगवरच आणणे. स्टिअरिंगच्या चाकाच्या आत किंवा मागे एक कडे बसवतात, ते अंगठ्याने किंवा बोटांनी दाबले की वेग वाढतो, आणि वळताना कडेही चाकाबरोबर हाताखालीच राहते. मग एक हात दिशा आणि वेग सांभाळतो, दुसरा आळीपाळीने ब्रेक आणि गिअर. तरीही उतारावर ब्रेक धरून ठेवत गिअर उतरवायचा असेल तर हात कमी पडतो. आधी वेग पुरेसा कमी करायचा, क्षणभर ब्रेक सोडून गिअर घ्यायचा आणि पुन्हा ब्रेक धरायचा, अशी लय अंगवळणी पाडावी लागते. माझे मत विचाराल, तर दोन्ही पायांचा उपयोग नसलेल्या चालकाने मॅन्युअल गाडी बदलून घेण्याचा हट्ट धरू नये. गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच आणि गिअर दोन्ही यंत्राने हलवणारी एएमटी गाडी असते, तिनेसुद्धा हा गुंता सुटतो. हाती असलेली गाडीच वापरायची असेल, कामाचे वाहन दुसऱ्या प्रकारात मिळतच नसेल, तर गोष्ट वेगळी.

हातांच्या बाबतीत बाजू महत्त्वाची ठरते. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगमध्ये गिअर डाव्या हाताला येतो, त्यामुळे पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या चालकाचा क्लचचा पाय आणि गिअरचा हात एकदमच जातात. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगमध्ये उजवी बाजू गेली तर गिअरचा हात, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर तिन्ही जातात. एका हाताने चालवणाऱ्यासाठी स्टिअरिंगवर फिरती मूठ लावतात. पकड कमजोर असेल तर मनगट अडकवता येईल अशी तीन खुंट्यांची रचना करतात. पण ज्या हाताने मूठ धरायची, त्याच हाताने गिअरही बदलायचा असेल, तर तेवढा वेळ स्टिअरिंग मोकळेच राहते. अशा चालकाला मॅन्युअल गिअर सुचवणे मला योग्य वाटत नाही.

बारीक गोष्टी, ज्यांवर सगळे अडते

चढावर गाडी सोडणे ही मॅन्युअल गाडीची जुनी परीक्षा, आणि हाताने चालवताना ती अधिक अवघड होते. त्यासाठी ब्रेकच्या लिव्हरला दाबून अडकवता येणारी खिट्टी हवी, किंवा चढावर काही क्षण ब्रेक धरून ठेवणारी सोय गाडीत मुळातच असावी. उभी गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याची सवय सगळीकडे उपयोगी पडेलच असे नाही. इंजिन बंद झाले की इंजिन आणि चाकांमधला दुवा तोडणारा क्लच असेल, तर गिअर गाडीला धरून ठेवत नाही, आणि हँडब्रेक हाच एक आधार राहतो.

ब्रेकच्या लिव्हरची तरफ किती आहे, हे विचारून घ्यावे. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकविषयी संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमात चाचणीच्या वेळी पेडलवर ५०० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ५१ किलोपर्यंत, जोर धरलेला आहे. पाठ सीटला टेकवून पायाने एवढा जोर लावता येतो. ज्याच्या धडाचा तोल कमरेखालच्या अपंगत्वामुळे डळमळतो, त्याला हाताने तो लावता येईलच असे नाही. म्हणून लिव्हर, सीटचा बाजूचा आधार आणि छातीवरचा पट्टा या तिन्ही गोष्टी एकत्र तपासतात. धड सीटमध्ये घट्ट नसेल, तर हात ब्रेक दाबण्याऐवजी स्वतःलाच सावरण्यात गुंततो. पायांत अचानक आकडी येत असेल, तर ते पेडलवर आदळू नयेत म्हणून समोर काढता येणारी आडवी पाटी लावतात.

नव्या गाड्यांत अॅक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमधले दोन सेन्सर वेगवेगळे संकेत पाठवतात, आणि इंजिनाचा संगणक ते ताडून पाहतो. मेळ बसला नाही तर तो इंजिनाची ताकद कमी करतो. विजेवर चालणारे कडे बसवताना या दोन्ही संकेतांची हुबेहूब नक्कल करावी लागते, त्यामुळे तार कापून जोडणे हे ओळखीच्या वायरमनचे काम नव्हे. दांडीने मूळ पेडलच दाबणारी साधी यंत्रणा दिसायला ओबडधोबड असली, तरी तिच्यात बिघडण्यासारखे कमी असते.

एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये किंवा आडवे बसवू नये. उंची कमी असलेल्या चालकाने पुढे सरकून बसण्यापेक्षा पेडले उंचवून जवळ आणावीत, म्हणजे छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर राहते. गुडघ्यासमोर एअरबॅग असलेल्या गाडीत लिव्हरची दांडी तिच्या वाटेत येते का, हे आधीच पाहावे लागते.

या सगळ्याच्या आधी चालकाची तपासणी व्हायला हवी, आणि ती व्यवसायोपचार तज्ज्ञाने किंवा अशा मूल्यमापनाचा अनुभव असलेल्या प्रशिक्षकाने करावी. सांधे किती वळतात, पकड किती टिकते, स्पर्श कळतो का, थकवा किती वेळाने येतो आणि आजार वाढत जाणारा आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर यंत्रणा ठरते. आजार वाढत जाणारा असेल, तर आज जेमतेम झेपणारा उपाय निवडण्यात अर्थ नसतो. त्यानंतर परवान्यावरची नोंद, वाहनाची तपासणी आणि विम्याला लेखी कळवणे, ही कामे जिथे गाडी चालवायची तिथल्या कायद्यानुसार करावीत. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर वादाचे कारण ठरू शकतो.

सरावाचा क्रम ठरलेला असावा. आधी इंजिन बंद ठेवून प्रत्येक लिव्हर आणि बटण डोळे न वळवता सापडेपर्यंत हात फिरवावा, मग मोकळ्या मैदानात गाडी सोडणे आणि थांबवणे, मग चढ, आणि सगळ्यात शेवटी गर्दी. यंत्राचा क्लच अचानक बंद पडला तर काय करायचे, हेही या काळातच शिकावे. गाडी गिअरमध्ये असताना वीज गेली, तर ब्रेक लावून इंजिन बंद पडू देणे आणि न्यूट्रल करणे हा बहुतेक वेळा सुरक्षित मार्ग असतो, पण आपल्या यंत्रणेत नेमके काय घडते हे फिटरकडून लिहून घ्यावे.

घरातले दुसरे कोणी तीच गाडी चालवणार असेल, तर मूळ पेडले जागेवर राहतील आणि एका स्विचने यंत्रणा बाजूला करता येईल, असाच बदल करून घ्यावा. वेल्डिंगपेक्षा बोल्ट बरे, म्हणजे गाडी बदलताना सामान काढून दुसऱ्या गाडीत नेण्याची शक्यताही राहते. क्लच प्लेट जसजशी झिजते तसा हाफ क्लचचा पट्टा सरकतो, आणि नियंत्रक यंत्राला तो ठरावीक काळाने नव्याने ओळखून द्यावा लागतो. नवी क्लच प्लेट टाकणाऱ्या मेकॅनिकला ही यंत्रणा माहीत असेलच असे नाही, म्हणून गॅरेजमधून गाडी घेण्याआधी ती थंड इंजिनावर आणि गरम इंजिनावर, सपाटीवर आणि चढावर, स्वतः सोडून पाहावी.